वेळासचा कासव महोत्सव : दोन मुक्काम आणि एका रिकाम्या टोपलीचा हिशेब

माझी सगळी नोकरी सहकारी बँकेच्या तपासणी विभागात गेली. त्यामुळे निवृत्तीनंतरही कोणाला पैसे दिले की त्यांचे पुढे काय झाले, हे विचारल्याखेरीज मला चैन पडत नाही. निसर्गरक्षणासाठी दिलेल्या पैशांच्या बाबतीत या सवयीचा फार त्रास होतो, कारण तिथे पावती लगेच मिळते आणि उत्तर मात्र मिळत नाही. काही वर्षांपूर्वी नातवाच्या वाढदिवसानिमित्त मी एका कंपनीमार्फत पंचवीस झाडे ‘दत्तक’ घेतली होती. नातवाचे नाव छापलेले रंगीत प्रमाणपत्र दुसऱ्याच दिवशी आले. दोन पावसाळे गेल्यावर त्यांतली किती झाडे जगली, अशी मी तीनदा विचारणा केली आणि तिन्ही वेळा मला आणखी झाडे घेतल्यास किती सवलत मिळेल तेवढे कळवण्यात आले. प्रमाणपत्र अजून कपाटात आहे.

वेळासच्या कासव महोत्सवाला मी दोनदा जाऊन आले आणि दोन्ही वेळा याच नजरेने गेले. समुद्रकिनारा सुंदर आहे, पिल्ले गोजिरवाणी आहेत, हे सांगायला माझी गरज नाही. दिलेला रुपया कासवाच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतो का आणि पोहोचल्यावर तिथे काय काम करतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. मुक्काम, जेवण आणि रस्ता यांबद्दलही ओघात येईलच.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले, सावित्री नदीच्या मुखाजवळचे छोटे गाव आहे. नाना फडणविसांचे मूळ गाव अशी त्याची जुनी ओळख. पुण्याकडून येणारे ताम्हिणी उतरून माणगाव आणि म्हाप्रळमार्गे येतात. हरिहरेश्वराकडून यायचे असल्यास बागमांडला ते वेसवी हा टप्पा फेरीबोटीने गाडीसकट ओलांडून, बाणकोटच्या किल्ल्याच्या अंगाने गावात उतरता येते. दोन्हीकडून शेवटचा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा असल्यामुळे दिवस मावळायच्या आत पोहोचावे.

या सेवेचा उगम समजून घेतल्याशिवाय तिची किंमत कळणार नाही. चिपळूणच्या भाऊ काटदरे यांच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते २००२ मध्ये समुद्री गरुडांची पाहणी करत या किनाऱ्यावर फिरत होते. तिथे त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले आणि खणून रिकामी केलेली घरटी दिसली. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या इथे पिढ्यान्‌पिढ्या अंडी घालायला येत होत्या. काही घरटी कोल्ही-कुत्री उकरत होती आणि उरलेली माणसे नेत होती. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, या कासवाला त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले संरक्षण, म्हणजे कागदावर काहीच कमी नव्हते. कमी होता तो पहाटे चार वाजता वाळूतून चालणारा माणूस. संस्थेने तो माणूस बाहेरून आणला नाही. मादीचा माग कुठे दिसतो आणि कुठल्या जागी वाळू पायाखाली मऊ लागते, हे ज्यांना आधीपासून ठाऊक होते, त्या गावातल्याच लोकांना तिने राखणीला घेतले. या माहितीचा उपयोग आधी अंडी नेण्यासाठी होत होता, आता तोच अंडी वाचवण्यासाठी होऊ लागला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा खर्च हाच होय.

पण राखणीला दर महिन्याला पैसे लागतात आणि देणगीदाराचा उत्साह हंगामापेक्षा लवकर संपतो. २००६ मध्ये सुरू झालेल्या कासव महोत्सवाची कल्पना इथून निघाली: पिल्ले समुद्रात सोडण्याच्या दिवसांत लोकांना बोलवावे, त्यांना गावातल्या घरांत उतरवावे, घरच्या स्वयंपाकाचे आणि मुक्कामाचे पैसे त्या घरांना मिळावेत, म्हणजे कासव वाचवणे हा गावाच्या दृष्टीने कोण्या बाहेरच्या संस्थेचा छंद राहणार नाही. पुढे वन विभाग आणि राज्य शासनाचे कांदळवन प्रतिष्ठान या कामात आले. किनाऱ्यांवर गस्त घालणाऱ्या ‘कासवमित्रां’ना मानधन मिळू लागले आणि वेळासची रीत पाहून आंजर्ले, गुहागर, हरिहरेश्वर, दिवेआगर, वायंगणी अशा इतर किनाऱ्यांवरही घरटी राखली जाऊ लागली.

माझी पहिली फेरी तीन वर्षांपूर्वीची, आणि ती फसली. शहरातल्या एका सहल कंपनीने ‘पिल्ले हमखास दाखवू’ असे सांगून आमची बस भरली. नाव सांगत नाही, कारण अशा कंपन्या आता पुष्कळ आहेत आणि एकीचे नाव घेतल्याने दुसरी सुधारत नाही. मुक्काम वेळासपासून तासाभराच्या अंतरावरच्या एका रिसॉर्टमध्ये होता. नाश्त्याचे डबे तिथूनच भरून घेतले होते आणि पाण्याच्या बाटल्यासुद्धा शहरातून आणलेल्या होत्या. आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा सकाळची पिल्ले सोडून झाली होती, आणि बसमधल्या मंडळींनी कासवमित्रांशी अशी हुज्जत घातली की मला मान खाली घालावी लागली. परतीच्या वाटेवर मी कागदावर आकडेमोड केली. आम्ही चाळीस माणसांनी मिळून बऱ्यापैकी रक्कम खर्च केली होती. त्यातली गावात किती राहिली म्हणाल, तर दोन-चार जणांनी विकत घेतलेल्या कोकम सरबताच्या बाटल्या आणि मिरगुंडे यांची. कासवाच्या नावाने निघालेला पैसा वेळासच्या वेशीवरून परत फिरला. महोत्सवाबद्दल कोणी नाराजीने बोलले की मी आता आधी एकच प्रश्न विचारते: तुम्ही जेवलात कुठे?

यंदा मार्चमध्ये मी नणंदेला बरोबर घेऊन स्वतः गेले. फोन करून थेट एका घरी दोन दिवसांची सोय ठरवली. घराचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे त्याच्याविषयी दोन तक्रारीही येणार आहेत. जांभ्याचे घर, पुढे सारवलेले खळे, पडवीत दोन खाटा आणि आत पाहुण्यांची एक खोली. गादी पातळ होती, न्हाणीघर मागच्या दाराला होते आणि त्याची कडी नीट लागत नव्हती, म्हणून नणंद आत असताना मी बाहेर राखण करायची आणि मी आत असताना तिने. गरम पाणी बंबावर. साठीच्या पुढच्या ज्यांना रात्री उठावे लागते, त्यांनी खोली ठरवतानाच ही चौकशी करावी.

जेवणाबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. पहिल्या रात्री कुळथाची पिठी, भात, कुयरीची भाजी आणि सोलकढी. सकाळी घावणे आणि ओल्या नारळाची चटणी. कुयरी म्हणजे कोवळा फणस. तो मार्चमध्येच तसा मिळतो, आणि घरच्या वहिनींनी तो आमच्यासमोर हाताला तेल लावून चिरला. मोदक हवे असल्यास आदल्या दिवशी सांगावे लागते. हे हॉटेल नाही, दुसऱ्याचे स्वयंपाकघर आहे, याचे भान ठेवले तर सगळे सुखाचे होते. ताट ठेवल्यावर इथे बिल येत नाही, निघताना आपणच पैसे विचारून हातात द्यायचे असतात. तपासनीस म्हणून या पद्धतीवर मी आक्षेप घ्यायला हवा. पण पैसा कोणाच्या हातात गेला हे इतक्या स्पष्टपणे मी कुठल्याही छापील पावतीवर पाहिलेले नाही.

संध्याकाळी उबवणी केंद्रावर गेलो. केंद्र हा शब्द मोठा आहे. प्रत्यक्षात भरतीच्या रेषेच्या वर, जाळीच्या कुंपणाने बंदिस्त केलेला वाळूचा एक चौकोन असतो. आत ओळीने घरटी आणि प्रत्येक घरट्यापाशी एक पाटी. तिच्यावर अंडी सापडल्याची तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली असते. मादी एका वेळी साधारण शंभर ते दीडशे अंडी घालते आणि वाळू किती तापते त्यावर अवलंबून ती सुमारे पंचेचाळीस ते साठ दिवसांत फुटतात. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली उपडी घालतात, म्हणजे वर आलेली पिल्ले आत थांबतात आणि कावळ्यांच्या नजरेला पडत नाहीत. पिल्ले निघून गेल्यावर घरटे पुन्हा उकरून रिकामी टरफले आणि न फुटलेली अंडी मोजतात. जमा किती, निघाले किती, बुडीत किती. पंचवीस झाडांच्या बाबतीत मला जो हिशेब दोन वर्षे मिळाला नाही, तो इथे वाळूत रोवलेल्या पाटीवर कोणीही वाचावा असा लिहिलेला होता.

त्या संध्याकाळी दोन टोपल्या उचलल्या गेल्या आणि दोन्हींखाली काही नव्हते. जमलेल्या पन्नास-साठ माणसांतून निराशेचा एक सूर निघाला. कासवमित्र तरुणाने, बहुधा हंगामात शंभराव्यांदा, शांतपणे सांगितले, “दिवस भरलेत हो काकू, पण वाळूला अजून खळी पडली नाही. उद्या सकाळी बघू.” खळीचा अर्थ त्याने वाकून दाखवला. खालची पिल्ले टरफलांतून सुटून एकमेकांच्या हालचालीने वर सरकू लागली की त्यांच्यावरची वाळू खाली झिरपते आणि घरट्याच्या तोंडाशी बशीएवढा खोलगट भाग तयार होतो. तो दिसला म्हणजे पिल्ले जवळ आली. मी दोन्ही घरट्यांकडे निरखून पाहिले. वाळू सपाट होती.

गर्दीतले एक गृहस्थ म्हणाले, की एवढ्या लांब येऊन हे काय मिळाले. त्यांना मी तेव्हा काही बोलले नाही, पण माझे मत त्याच संध्याकाळी पक्के झाले. या सेवेत पिल्ले पाहायला मिळणे ही वरकड गोष्ट आहे. आपण पैसे देतो ते पुळण, म्हणजे किनाऱ्याचा वाळूचा पट्टा, मोकळी आणि रात्री अंधारी राहावी यासाठी. मादी ज्या किनाऱ्यावर येते तिथे तिला कोरडी, सैल वाळू लागते आणि मागे दिव्यांचा झगमगाट चालत नाही. पिल्ले क्षितिजाच्या उजळ बाजूकडे धावतात, म्हणून किनाऱ्यालगत एखाद्या हॉटेलाने दिवे लावले, तर ती समुद्राऐवजी हॉटेलाच्या दिशेने चालू लागतात. वाळूवरून गाड्या फिरवल्या तर वाळू घट्ट होते आणि चाकोऱ्यांमध्ये पिल्ले अडकतात. धूप थांबवायला बांधलेला दगडी बंधारा मादीची वाटच अडवतो. हे सगळे न होऊ देण्याला बाजारात किंमत नाही, कारण न बांधलेल्या हॉटेलाचे भाडे कोणी देत नाही. वेळासमध्ये ते भाडे पडवीतल्या खाटेच्या आणि कुळथाच्या पिठीच्या रूपाने दिले जाते. टोपली रिकामी निघाली तरी ते वसूल झालेले असते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही पुन्हा पुळणीवर गेलो. गस्त आटोपून दोघे जण परतत होते आणि एकाच्या हातात बादली होती. रात्री एक मादी येऊन गेली होती. तिचा माग अजून ताजा होता: समुद्रातून वर आलेली दोन-अडीच फूट रुंदीची पट्टी, दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारख्या पायांच्या एकाआड एक खुणा, वर थोडा विस्कटलेला भाग आणि तिथून परत समुद्राकडे गेलेली तशीच पट्टी. अंडी घालून झाल्यावर मादी खड्डा बुजवते आणि अंगाच्या भाराने वाळू धोपटून सारखी करते. ती एवढे करून जाते आणि परत कधी पाहायला येत नाही. बादलीत ओलसर वाळूवर अंडी होती, पांढरी, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पण कवच चामड्यासारखे मऊ. ती फिरू न देता, शक्य तितक्या लवकर हलवावी लागतात, कारण आतल्या गर्भाची जागा एकदा पक्की झाल्यावर अंडे उलटले तर तो जगत नाही. केंद्रात त्या तरुणाने हातानेच दीड फूट खोल खड्डा काढला, तोंड अरुंद आणि पोट रुंद, गाडग्यासारखा, जसा मादी स्वतः काढते. एकेक अंडे मोजत आत ठेवले. मोजणी मध्येच चुकली असे त्याला वाटले, तेव्हा तो थांबला, सोबत्याशी ताडून पाहिले आणि मगच पुढे गेला. माझ्या हाताखालच्या किती तरी कारकुनांनी असे केले नसते.

त्या सकाळी पहिल्या टोपलीखाली खळी पडलेली होती. टोपली उचलली तेव्हा आत काळपट राखाडी रंगाची, बोटाच्या दोन पेरांएवढी पिल्ले एकमेकांवर चढत होती. कितीकांच्या डोळ्यांवर वाळूचे कण चिकटलेले होते. त्यांना पाण्याच्या काही अंतर अलीकडे सोडतात, थेट पाण्यात नाही. हे अंतर त्यांनी आपल्या पायांनी चालावे, जन्माच्या किनाऱ्याची ओळख त्यांच्यात ठसण्यात या चालण्याचाही भाग असावा, असा त्यामागचा विचार आहे. प्रेक्षक दोरीच्या मागे उभे. सगळ्यात पुढचे पिल्लू पाण्याशी पोहोचले, लाटेने त्याला उचलून चार हात मागे आणून टाकले, उताणे. ते उलटले आणि पुन्हा निघाले. तिसऱ्या लाटेला गेले. एकूण वेळ दहा-बारा मिनिटांचा असेल. माझ्या नणंदेने मोबाईल काढला नाही, याचे मला आश्चर्य वाटले आणि तिला ते मी बोलूनही दाखवले.

यांतली बहुतेक पिल्ले मोठी होत नाहीत. हजारात एखादेच वयात येते असे सांगतात. जी येतात त्यांनाही साधारण बारा-पंधरा वर्षे लागतात. म्हणजे महोत्सवाच्या पहिल्या काही वर्षांत सोडलेल्या माद्या अंडी घालायला आत्ता कुठे परतू लागल्या असतील. इतक्या लांब मुदतीची ठेव कोणतीही बँक घेत नाही. ती ठेव कुठे फिरते याची थोडी माहिती मात्र आता मिळू लागली आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावरच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारे यंत्र बसवले गेले. ‘प्रथमा’ तिचे नाव. त्या हंगामात आंजर्ले आणि गुहागर धरून अशा पाच माद्यांचा माग घेण्यात आला आणि पश्चिम किनाऱ्यावरचा हा पहिलाच प्रयत्न होता. मग जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या अंगावर ओडिशातला बिल्ला आढळला. २०२१ मध्ये गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर तो तिला लावला होता. गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे एकाच वेळी लाखांनी माद्या येतात, कोकणात एकेकटी येते, आणि या दोन किनाऱ्यांचा एकमेकांशी संबंध नाही असे आजवर मानले जाई. वेळासच्या पुळणीवर दिलेले पैसे बंगालच्या उपसागरात जमा होत असण्याची शक्यता लेखापरीक्षणाच्या दृष्टीने गैरसोयीची असली, तरी मला ती फार आवडली.

शासनाच्या बाजूने आलेल्या पैशांपैकी दोन योजनांचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्याही याच सूत्रावर चालतात. मासेमारीच्या जाळ्यात कासव, देवमासा किंवा देवमुशीसारखा संरक्षित प्राणी सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना डिसेंबर २०१८ पासून आहे. त्यासाठी सोडतानाची छायाचित्रे किंवा चित्रफीत सादर करावी लागते. दुसरी योजना खारफुटी राखणाऱ्या गावांसाठी २०१७ मध्ये आली. खाडीतले खेकडा पालन, कालव पालन, पिंजऱ्यातले मासे किंवा निसर्ग पर्यटन असे व्यवसाय गटाने केल्यास ९० टक्के आणि एकट्याने केल्यास ७५ टक्के खर्च शासन उचलते. दोन्ही ठिकाणी पैसा जातो तो ज्याच्या हातात कोयता किंवा जाळे आहे त्याच्याकडे. भाषण ऐकणाऱ्याकडे जात नाही.

आता उणिवा. पहिली, जिचा दोष कोणा एकाचा नाही: घरटी हलवून केंद्रात उबवणे ही तडजोड आहे. अंडी मादीने घातली तिथेच राहावीत हे सर्वांत उत्तम, कारण पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या वाढतात आणि फारच तापली तर अंडी करपतात. सगळी घरटी एकाच जागी आणली की सगळी जोखीमही एकाच जागी येते. कोल्ही, भटकी कुत्री आणि माणसे यांच्यापासून संपूर्ण किनारा राखता येत नाही तोवर ही तडजोड राहणार, पण पाहुण्यांना हे कोणी तरी दोन वाक्यांत सांगावे. केंद्र म्हणजेच संवर्धन असे समजून घरी जाणारे बरेच आहेत.

दुसरी गोष्ट झाडांची, आणि इथे माझ्या कपाटातले प्रमाणपत्र पुन्हा आठवते. किनाऱ्यावर सुरूची झाडे लावणे हे चांगले काम आहे अशी आपली ठाम समजूत आहे. पण सुरूची दाट रांग भरतीच्या रेषेपर्यंत आणली, की मादीला खणायला लागणारी मोकळी वाळू मुळांनी आणि सावलीने व्यापली जाते. पुळणीची स्वतःची वनस्पती म्हणजे वाळूवर पसरणारी मर्यादवेल. तिला सावली पाडायची सवय नाही. निसर्ग पूर्ववत करायचा म्हणजे झाडे लावायची, हे समीकरण डोक्यात ठेवून दिलेला पैसा या किनाऱ्यावर कासवाच्या विरोधात काम करू शकतो. देणगी देण्याआधी इतके विचारावे: तिथे आधी काय होते?

तिसरी उणीव गर्दीची. शनिवार-रविवारी आणि सलग सुट्ट्यांत इतकी माणसे येतात की गावातल्या घरांना झेपत नाहीत. मग तीच बसची मंडळी, त्याच हुज्जती. आम्ही मंगळवारी आणि बुधवारी होतो. सकाळी दोरीच्या मागे मोजून सतरा माणसे होती.

वेळासपेक्षा दुसरीकडे जावे का, असे कोणी विचारले तर मी आंजर्ल्याचेही नाव सांगेन, तिथेही असाच महोत्सव असतो आणि गाव मुक्कामाला अधिक सरावलेले आहे. गुहागरला अलीकडच्या हंगामांत वेळासपेक्षा कितीतरी अधिक घरटी सापडतात. समुद्राचे आकर्षण नसेल, तर सह्याद्रीत भीमाशंकर परिसरात बेहडा-हिरड्याचे काम चालते, ते याच जातीचे आहे. मोठ्या बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटे करतो. ते झाड सरपणासाठी किंवा लाकडासाठी विकण्यापेक्षा त्याची फळे बेताने गोळा करून चांगल्या भावाने विकली, तर झाड उभे राहते आणि महादेव कोळी कुटुंबांना दर वर्षी उत्पन्न मिळते. या फळांना रानातून जबाबदारीने गोळा केल्याचे ‘फेअरवाइल्ड’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळालेले आहे. तिथे मुक्काम करायचा नसतो, माल घ्यायचा असतो, एवढाच फरक.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. पिल्ले निघण्याचा काळ साधारण फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत, पण तो दर वर्षी पुढेमागे होतो, म्हणून निघण्याआधी गावात फोन करून घरट्यांची स्थिती विचारावी. सोडण्याची वेळ सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी सूर्य कलताना. एक रात्र पुरत नाही. दोन रात्री राहिल्यास चार वेळा किनाऱ्यावर जाता येते. मुक्काम गावातल्या घरीच करावा. रोख पैसे सोबत ठेवावेत, मोबाईलच्या रेंजवर विसंबू नये. विजेरी न्यावी, पण ती घरापासून पाणंदीपर्यंतच वापरावी, पुळणीवर बंद. मासे हवे असल्यास घर ठरवतानाच विचारावे, सगळ्या घरांत शिजत नाहीत. लहान मुलांना घेऊन जावे, मात्र पिल्लू हातात घ्यायला मिळणार नाही हे घरूनच सांगून न्यावे.

निघताना मी वहिनींकडे हिशेब मागितला. त्यांनी दिनदर्शिकेच्या फाटलेल्या पानामागे पेन्सिलीने मुक्काम, नाश्ता आणि जेवणे लिहिली आणि दुसऱ्या रात्रीचे एक जेवण खोडले. नणंदेचे पोट बिघडल्यामुळे ती नुसता ताकभात खाऊन झोपली होती, त्याचे पैसे कसले घ्यायचे, असे त्यांचे म्हणणे. मी खोडलेली रक्कम पुन्हा मिळवली, त्यांनी पुन्हा खोडली. शेवटी बेरीज त्यांचीच राहिली. न्हाणीघराच्या कडीबद्दल सांगितले, तेव्हा म्हणाल्या, “सुताराला सांगितलंय हो, पण तोही पहाटे गस्तीला असतो नि दिवसा झोपतो. हंगाम संपला की बसवेल.”